थळ ते थळ

घोटीत ‘थळ’ हे नाव मी लहानपणापासून दोन ठिकाणी ऐकत आलो. पहिलं घाटाचं. इगतपुरी सोडून गाडी उताराला लागली की थळ घाट. बोलताना सगळे कसारा घाटच म्हणतात, पण रेल्वेतून निवृत्त झालेली जुनी माणसं अजून थळच म्हणतात. दुसरं खताच्या दुकानातलं. भाताची आवणी उरकत आली की युरियासाठी दुकानांपुढे गर्दी होते, आणि माल कुठून येणार याची चर्चा निघाली की अलिबागजवळच्या थळच्या कारखान्याचं नाव निघतं. ही दोन थळं वेगवेगळी आहेत, एवढं माहीत होतं. त्यापुढे कधी विचार केला नव्हता.

तो करायला लावला बाजारातल्या एका सुकटवाल्या मावशींनी. मे संपत आला की आमच्याकडे पावसाळ्याची बेगमी सुरू होते. चार महिने खाचरात वाकून राबायचं, बाजाराला यायला सवड नाही, रस्ते चिखलाचे. अशा वेळी भाकरीबरोबर सुकट आणि भाजलेला बोंबील यांचाच आधार. मावशींनी बोंबलांची जुडी माझ्या हातात दिली आणि माल थळचा असल्याचं सांगितलं. घाटात बोंबील कुठून आले, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, की घाटातलं थळ नव्हे, दर्यावरचं. खांदेरीच्या बत्तीखालचे आहेत हे, घ्या निर्धास्त.

बत्तीखालचे बोंबील! मालाची खात्री पटवायला कुणी दीपगृहाचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगराच्या कुशीतल्या बाजारात त्या बत्तीला एवढी पत असेल, तर ती पाहिली पाहिजे असं वाटलं.

घरी येऊन नकाशा उघडला. मुंबई बंदराच्या तोंडापासून दक्षिणेला, अलिबागच्या थोडं अलीकडे, थळ गावासमोर समुद्रात दोन ठिपके दिसतात. किनाऱ्याजवळचा लहान तो उंदेरी, त्यापलीकडचा मोठा तो खांदेरी. घोटीपासून सरळ रेषेत अंतर सुमारे १४० किलोमीटर. मग पुस्तकं काढली, आणि एका तारखेपाशी थबकलो. नोव्हेंबर १६७९.

हा महिना आमच्या भागात ठाऊक नसलेला माणूस विरळा. जालना लुटून शिवाजी महाराज परत फिरले होते. लुटीचं ओझं मोठं, मागावर मोगली फौज. संगमनेरजवळ गाठ पडली, सिधोजी निंबाळकर धारातीर्थी पडले. बहिर्जी नाईकांनी महाराजांना आडवाटांनी काढून पट्टा किल्ल्यावर आणलं. महाराजांनी तिथे विसावा घेतला, म्हणून पट्ट्याचं नाव विश्रामगड पडलं. घोटीहून सिन्नरच्या रस्त्याला लागलं की दक्षिणेकडच्या रांगेत औंढा आणि पट्टा दिसतात. टाकेदच्या यात्रेला जाणारा प्रत्येक जण त्या डोंगराकडे बोट करून ही गोष्ट सांगतो. मीही ती कितीदा सांगितली असेल.

पण महाराज पट्ट्यावर उसंत घेत होते तेव्हा खांदेरीच्या खडकावर त्यांची माणसं तिसऱ्या महिन्यात लाटा आणि तोफा अंगावर घेत तट रचत होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण गडाची गोष्ट गडापाशी ठेवतो आणि समुद्राची कोकणाकडे सोपवतो. पट्ट्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यात त्या दोन गोष्टी नव्हत्या. राज्य एकच होतं. त्याची एक बाजू सह्याद्रीच्या कड्यावर आणि दुसरी भरतीच्या पाण्यात उभी होती. हे आधीही घडलं होतं. १६७२ मध्ये आपल्याच नाशिक जिल्ह्यात, बागलाणात, साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. खांदेरी बांधण्याचा पहिला प्रयत्नही १६७२ चाच. तेव्हा इंग्रज आणि सिद्दी आडवे आले आणि काम थांबलं. सात वर्षांनी ते पुन्हा हाती घेतलं गेलं.

* * *

घोटीचा माणूस मुंबईला जातो तो कसाऱ्याला उतरून लोकल धरून. मी तसाच गेलो आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली. मांडव्याला जाणाऱ्या झटपट बोटी गेटवेवरून सुटतात, पण मला जुन्या वाटेने जायचं होतं. लाँच बंदराबाहेर आली तशी डाव्या हाताला डोंगरांची रांग उलगडत गेली आणि तिच्यात कर्नाळ्याचा अंगठा उभा राहिला. मुंबई-गोवा रस्त्यावरून तो कितीदा पाहिला होता, पण समुद्रावरून तो वेगळाच दिसतो. बाकीचे डोंगर एकमेकांत मिसळतात. हा एकटा ओळखू येतो. इंग्रज त्याला ‘फनेल हिल’ म्हणत.

लाँचवरच्या एका वयस्क खलाशाने मला खुणांचं गणित समजावलं. समुद्रावर एक खूण कामाची नाही, दोन लागतात. जवळची एक, लांबची एक. देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खिंडीत बसला की होडी एका ठरलेल्या रेषेवर आहे. दुसऱ्या बाजूला अशाच दोन खुणा जुळल्या की रेषा एकमेकींना छेदतात, आणि तिथेच गेल्या वर्षीची मासळीची जागा किंवा पाण्याखालचा खडक. बाप मुलाला होडीवर हे शिकवतो. कुठे लिहून ठेवलेलं नसतं. ऐकताना वाटलं, आमचा सह्याद्री या लोकांनी आमच्यापेक्षा जास्त निरखलेला आहे. आपण डोंगर चढण्यासाठी पाहतो. त्यांनी तो घरी परतण्यासाठी पाहिला.

दिवसा हे चालतं. रात्री डोंगर नाहीसे होतात. तिथून बत्तीचं काम सुरू होतं.

थळच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. वाळूवर होड्या कलंडलेल्या, काठ्यांच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, तोंडात तोंड अडकवून टांगलेले. हवेला तोच वास, जो आमच्या बाजारात मावशींच्या पाटीला असतो. समोर उंदेरी इतकी जवळ की तटाचे बुरूज मोजता यावेत. तिच्या मागे, डावीकडे, खांदेरी; दोन टेकड्या, मध्ये खोलगट भाग, आणि उंच टेकडीवर दीपगृहाचा मनोरा. किनाऱ्यावर उभ्या माणसाला पाण्याचं क्षितिज पाच किलोमीटरच्या आतच संपतं. पृथ्वी गोल असल्याचा हा रोजचा व्यवहार. डोळा जितका उंच, तितकं लांब दिसतं. आणि दिवा जितका उंच, तितका लांबून दिसतो. हाच हिशेब कळसूबाईला लावून पाहिला. १६४६ मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे १४५ किलोमीटरवर जातं, आणि शिखरापासून खांदेरी त्याच्या आत पडते. मधले डोंगर आणि किनाऱ्याची दमट हवा आड येतात, ते सोडा. पण महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर आणि हा समुद्रातला खडक निव्वळ हिशेबाने एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत, ही गोष्ट घोटीच्या माणसाला सुखावणारी आहे.

* * *

आता १६७९ ची गोष्ट नीट सांगितली पाहिजे.

ऑगस्ट संपत आला होता. दर्या अजून खवळलेला, मुंबईतली इंग्रजांची जहाजं पावसाळ्यासाठी बांधून ठेवलेली. अशा वेळी महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसं आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरले आणि दगड रचायला लागले. बेटावर वस्ती नव्हती, निवारा नव्हता. इंग्रजांच्या पोटात गोळा आला, तो त्या चार तोफांमुळे नव्हे. मुंबई बंदरात शिरणारं आणि निघणारं प्रत्येक गलबत या बेटाच्या नजरेखालून जातं, हे त्यांना कळत होतं. बेट मुंबईचंच असल्याचा दावा त्यांनी ठोकला आणि काम बंद करण्याचा निरोप धाडला. मायनाक भंडारींनी आपल्या राजाच्या हुकुमाशिवाय जागा सोडायला नकार दिला.

सप्टेंबरात इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. १९ तारखेला लेफ्टनंट थॉर्प माणसं घेऊन किनाऱ्याला लागायला गेला आणि मारला गेला. त्यानंतर ‘रिव्हेंज’ हे मोठं लढाऊ जहाज आलं; त्यावर कॅप्टन मिंचिन आणि रिचर्ड केग्विन. १८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार किनाऱ्याच्या आडून बाहेर पडलं. पन्नासेक गलबतं, वल्ह्यांवर चालणारी, वारा नसला तरी न थांबणारी. अर्ध्या तासात इंग्रजांचं ‘डव्ह’ शरण आलं आणि बाकीची लहान जहाजं पांगली. एकटं ‘रिव्हेंज’ जागेवर राहिलं आणि त्याच्या तोफांनी मराठी आरमाराला मागे रेटलं. या चकमकीत जिंकलं कोण यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते नंतर रोज रात्री घडत होतं ते.

वेढा उठला नव्हता. मोठी जहाजं खोल पाण्यात पहारा देत होती. आणि काळोख पडला की कमी पाण्यात चालणाऱ्या होड्या खडकांमधून वाट काढत बेटावर पोचत. धान्य, दारूगोळा, माणसं उतरवत आणि उजाडायच्या आत परतत. इंग्रजांना त्या दिसत, पण त्यांच्यामागे जाता येत नसे. गेलं तर जहाजाचा तळ खडकावर घासणार. या होड्या वल्हवणारे कोळी-भंडारी होते. पाण्याखालचा कुठला खडक कुठल्या भरतीला किती बुडतो, हे त्यांना पाठ होतं. त्यांची नावं कुठल्या बखरीत नाहीत. खांदेरी तगली ती त्यांच्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

नोव्हेंबरात जंजिऱ्याचा सिद्दी कासम इंग्रजांच्या मदतीला आला. लवकरच इंग्रजांच्या लक्षात आलं, की बेट पडलंच तर सिद्दी ते आपल्याच घशात घालणार. इकडे त्यांचे सुरतेतले वरिष्ठ खर्चाबद्दल कुरकुरत होते. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी काढता पाय घेतला. सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडून तिथे तट उभारला. आणि ३ एप्रिल १६८० ला रायगडावर महाराज गेले. पट्ट्याचा विसावा आणि खांदेरीचा तट, दोन्ही त्यांच्या अखेरच्या हिवाळ्यातले.

पुढे कित्येक वर्षं ही दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून उभी राहिली. इंग्रजांच्या कागदांत त्यांची नावं ‘हेनरी-केनरी’ झाली. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून खांदेरीवर चालून गेला तेव्हा बेट कान्होजी आंग्रे यांच्याकडे होतं. बूनला हात हलवत परत जावं लागलं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हाच खांदेरी इंग्रजांच्या हाती आली, म्हणजे पहिला दावा केल्यापासून जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी. १९९८ मध्ये या बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव देण्यात आलं. थळचे लोक मात्र अजून खांदेरीच म्हणतात.

* * *

दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ साधून मी थळच्या एका नाखव्याबरोबर बेटाकडे निघालो. होडी उंदेरीला वळसा घालून पुढे गेली तशी पाण्याची चाल बदलली. धक्क्यापाशी होडी लागायच्या आधी नाखव्याने इंजिन मंदावलं, वेताळाच्या देवळाच्या दिशेने हात जोडले आणि मग दोर फेकला. हे इतकं सहज झालं, की मीही नकळत हात जोडले.

तट जवळून पाहण्यासारखा आहे. बाहेरच्या बाजूला पाण्यात मोठमोठे धोंडे टाकलेले आहेत. लाट आधी त्यांच्यावर फुटते आणि तटापर्यंत येता येता तिचा जोर ओसरतो. त्या धोंड्यांवर कालवं चिकटलेली, कडा पात्यासारख्या धारदार. अनवाणी पाय ठेवला तर फाटणार. शत्रूला होडीतून उतरून तटाला भिडायचं असेल तर याच धोंड्यांवरून यावं लागेल. वरचा तट दगडावर दगड बसवून रचलेला, कितीतरी ठिकाणी सांध्यात चुना नाही. आमच्याकडे शेताला ताल घालतात, तशीच ही रचना. भरतीचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तसंच बाहेर पडतं. एका फटीत मी हात घातला, कोपरापर्यंत गेला, आणि आतून गार वारा आला. पावसाळ्याच्या अखेरीस, वेढ्याच्या छायेत ज्यांनी हे दगड उचलले, त्यांचं काम साडेतीनशे वर्षं लाटा खात उभं आहे.

बेटावर एक वाजणारा दगड आहे. छोट्या खड्याने ठोकला की भांड्यावर ठोकल्यासारखा धातूचा नाद येतो. येणाऱ्या प्रत्येकाने ठोकून ठोकून त्याच्या अंगावर वाटीसारखे खळगे पडलेत. मी एकदाच ठोकला. पुढे वेताळदेवाचं मंदिर. आत मोठी शिळा, ती वाढत जाते अशी कोळ्यांची श्रद्धा. मुसलमान दर्यावर्दींचा दाऊद पीरही याच बेटावर आहे. गाड्यांवर बसवलेल्या जुन्या तोफा तटाकडे तोंड करून उभ्या आहेत. गाड्यांसकट टिकलेल्या अशा तोफा आपल्या किल्ल्यांवर फार थोड्या.

आणि मग दीपगृह. १८६७ मध्ये ते बांधलं. जहाजांना अडवण्यासाठी ज्या खडकाकरता एवढं रक्त सांडलं, त्याच खडकावर जहाजांना वाट दाखवणारा दिवा लागला. हे त्याच वेळी का घडलं, याचं उत्तर आपल्या थळ घाटात आहे.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे हात पसरले. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पण तो कापूस मुंबईला न्यायचा तर सह्याद्री उतरावा लागे. बैलगाड्यांचे तांडे घाटात दिवसचे दिवस अडकत. १८६५ मध्ये थळ घाटाची रेल्वे सुरू झाली. ३७ फुटांना १ फूट चढ. आजही घाट चढताना गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, आणि इगतपुरी-घोटीची कितीतरी घरं त्या कामावर उभी राहिली. १८६७ मध्ये हीच लोहवाट नागपूरला पोचली. त्याच वर्षी खांदेरीची बत्ती लागली. दोन वर्षांनी सुएझ कालवा खुला झाला, आणि १८७५ मध्ये कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकांवर प्राँग्जचं दीपगृह उभं राहिलं. घाटातून गाठोडी उतरत होती, बंदरात जहाजं वाढत होती, आणि दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजाला अंधारात मुंबईचं तोंड दाखवायला कुणीतरी हवं होतं. थळ घाट आणि थळची बत्ती ही एकाच वाटेची दोन टोकं आहेत. घोटीच्या स्टेशनावरून गेलेल्या कापसाच्या कितीतरी गाठींनी खांदेरीचा प्रकाश पाहिला असेल.

दीपगृहाच्या दिव्याची खरी करामत भिंगात असते. फ्रान्सच्या फ्रेनेलने १८२० च्या दशकात काचेच्या लोलकांची कडी एकावर एक रचून असं भिंग बनवलं, की दिव्याचा चहूकडे वाया जाणारा प्रकाश एका आडव्या पट्ट्यात गोळा व्हावा. साधी तेलाची ज्योत त्यातून कोसच्या कोस दिसू लागली. विजेच्या आधी ही भिंगं वजनाच्या घड्याळी यंत्रावर फिरत. दीपगृहातला माणूस रात्रीतून पुन्हा पुन्हा वजन वर ओढून यंत्राला चावी देई. प्रत्येक दीपगृहाची लकाकण्याची लय वेगळी ठरवलेली असते. किती सेकंदांनी, किती वेळा, हे मोजून तांडेल ओळखतो, की हे खांदेरी आहे, प्राँग्ज नाही. आवाजावरून माणूस ओळखावा तसं.

* * *

बत्ती सगळ्यांना वाचवते असं मात्र नाही. १७ जुलै १९४७. आषाढी अमावास्या तोंडावर आलेली, सणासाठी गावी निघालेले कोकणी चाकरमानी, आणि भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट. काशाच्या खडकाजवळ वादळाने तिला गाठलं आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं आणि अलिबाग-रेवसच्या गावागावांत सुतक होतं. पाण्यात पडलेल्यांना त्या दिवशी ज्यांनी उचललं त्यांत मासळी घेऊन निघालेले कोळी होते. माझी लाँच त्याच पाण्यावरून आली होती. लाँचमधल्या म्हाताऱ्या बायका त्या जागेपाशी आल्यावर गप्प झाल्या होत्या. का, ते मला थळला गेल्यावर कळलं.

आता उपग्रह आहेत, नाखव्याच्या खिशातला फोन होडीची जागा दाखवतो. मग बत्ती कशाला, असं तरुण पोरं विचारतात. त्यांना ७ ऑगस्ट २०१० ची आठवण द्यावी. त्या दिवशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ ही दोन मोठी जहाजं, सगळी आधुनिक यंत्रं असूनही, मुंबई बंदराच्या तोंडावर एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ कलंडली, कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरलं, आणि कोळ्यांच्या जाळ्यांना कित्येक दिवस सुटी मिळाली. यंत्र चुकतं, बॅटरी संपते, पडदा काळा होतो. डोळ्यांना दिसणारी खूण तेव्हाही जागेवर असते. १९२७ च्या दीपगृह कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला, त्यात आधुनिक यंत्रणांना जागा मिळाली आणि जुन्या दीपगृहांचा वारसा जपण्याचीही तरतूद झाली. हे योग्यच झालं.

माझ्यासोबतच्या नाखव्याच्या होडीवर उपग्रहाचं यंत्र होतं. तरी परतताना तो मान वळवून मनोऱ्याकडे पाहत होता. विचारलं तर म्हणाला, यंत्र जागा सांगतं, घर बत्ती सांगते.

* * *

११ जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. आपल्या जिल्ह्याने त्या दिवशी साल्हेरसाठी पेढे वाटले, आणि वाटायलाच हवे होते. १५६७ मीटर उंचीचा साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच गड. त्याच यादीत खांदेरी आहे. सगळ्यात उंचावरचा किल्ला आणि भरतीला तटाचा पाया बुडणारा किल्ला, दोन्ही एका कागदावर आले. १६७२ मध्ये जे एका माणसाच्या मनात एकत्र होतं, ते जगाने ३५३ वर्षांनी मान्य केलं असं मी समजतो.

मानाबरोबर जबाबदारी आली आहे, आणि तिच्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. खांदेरीच्या तटावर झाडांची मुळं सांधे उकलत आहेत. धक्क्याच्या आसपास प्लॅस्टिकच्या बाटल्या आहेत, त्या कोळ्यांनी टाकलेल्या नाहीत. बेटावर पर्यटन वाढवण्याचे बेत वेळोवेळी निघतात. ते करताना थळच्या कोळ्यांना होडी चालवण्याचं, वाट दाखवण्याचं, देवाची पूजा करण्याचं पहिलं मानकरीपण मिळालं पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांनी वेढ्यातून रात्रीच्या होड्या नेल्या, त्यांना तिकिटाच्या रांगेत उभं करणं कुठल्याही वारशात बसणार नाही. बेटावर मायनाक भंडारींचं नाव मोठ्या मराठी अक्षरांत असावं. आणि आमच्या पट्ट्यावर जिथे विसाव्याची गोष्ट सांगितली जाते, तिथे चार ओळी खांदेरीच्याही लिहिल्या जाव्यात: याच नोव्हेंबरात, तिकडे समुद्रात, काय चाललं होतं. एवढ्याने गडावर येणाऱ्या शाळकरी मुलांचा इतिहास समुद्रापर्यंत लांबेल. तालुक्यातल्या शाळांनी आणि गिर्यारोहण मंडळांनी हे मनावर घ्यावं, ही माझी हात जोडून विनंती.

घोटीत परत आलो तेव्हा आवणी सुरू झाली नव्हती, पण आभाळ भरून आलं होतं. आपल्या तालुक्यात पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. दारणेत पडला तर गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला. वैतरणेत पडला तर धरणात अडून काही मुंबईच्या नळाला, उरलेला अर्नाळ्याजवळ पश्चिमेच्या समुद्राला. समुद्र आपल्यापासून लांब आहे असं आता मला म्हणवत नाही. बाजारात मावशींना भेटून बत्ती पाहून आल्याचं सांगितलं. त्यांनी जुडी बांधता बांधता विचारलं, वेताळाला नारळ फोडलात का? फोडला नव्हता. पुढच्या वेळी फोडेन, असं कबूल केलं.

तुम्हीही जा. पावसाळ्यात दर्या बंद असतो, जून-जुलैत मासेमारीही बंद. दिवाळीनंतर समुद्र निवतो. घोटीहून भल्या पहाटे निघालात तर दुपारपर्यंत थळ गाठता येतं. बेटावर जायचं असेल तर परवानगीची आणि भरती-ओहोटीची चौकशी आदल्या दिवशीच थळच्या नाखव्यांकडे करून ठेवा, आणि सोबत नेलेली प्रत्येक बाटली परत आणा.